हुतुतूची जन्मपत्रिका

मेलेला उठतो की नाही, यावरून आमच्या गल्लीत एकदा डोकी फुटायची वेळ आली होती. साल १९८०च्या आसपासचे. अंबरनाथ पूर्वेला तेव्हा मोकळ्या जागा पुष्कळ होत्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कानसईतल्या पोरांनी नाल्यापलीकडच्या पोरांशी हुतुतूचा सामना ठरवला. घरातली रांगोळी चोरून रेघा मारल्या आणि खेळ सुरू झाला. पाचव्या मिनिटाला आम्ही त्यांचा एक गडी मारला. रिवाजाप्रमाणे आमचा आधी मेलेला एक गडी उठून आत आला. त्यावर पलीकडची पोरे खवळली. त्यांच्याकडे मेला तो मेला. सगळा संघ मरून लोण चढेपर्यंत त्याने बाहेर उकिडवे बसून राहायचे. आम्ही म्हणालो, तुम्ही चिडके. ते म्हणाले, तुम्ही चिडके. दाखवायला पुस्तक कोणाकडेच नव्हते. शेवटी पाळीवरून घरी निघालेल्या एका काकांनी निवाडा केला, "ज्याचं मैदान त्याचा नियम. अर्धा वेळ इकडे खेळा, अर्धा वेळ तिकडे."

पुढे तीसेक वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. लोकलच्या प्रवासात मिळेल ते वाचत गेलो आणि देशी खेळांच्या इतिहासाचा नाद लागला. तेव्हा कळले की त्या दिवशी दोन्ही बाजूंची पोरे खरे बोलत होती. आमच्या प्रकाराला 'संजीवनी' म्हणत, त्यांच्या प्रकाराला 'गामिनी'. एक तिसराही होता, 'अमर'. त्यात शिवलेला गडी बाहेर जातच नाही. गुण तेवढा मोजायचा आणि खेळ चालू ठेवायचा. तिन्हींत दम तोच, मधली रेघ तीच. फरक फक्त मेल्यानंतर काय होते याचा. पण या एका फरकाने खेळाची सगळी चाल बदलते. गामिनीत आधी मेलेला कच्चा गडी तासभर बाहेर बसतो आणि मैदान दोन-तीन पट्टीच्या खेळाडूंचे होते. संजीवनीत कच्च्या गड्यालाही पुन्हा पुन्हा संधी मिळते, आणि वेळेचे बंधन घातले की सामना कधी संपणार हे सांगता येते. आज दूरदर्शन संचावर दिसणारी कबड्डी मुख्यतः संजीवनीची लेक आहे. गामिनीला कोणी वाली उरला नाही.

हे कसे झाले, कोणी ठरवले, कधी ठरवले, हा माझ्या दृष्टीने हुतुतूच्या इतिहासातला खरा प्रश्न. पण आपल्याकडे स्पर्धेचे उद्घाटन असो की शाळेचे क्रीडासंमेलन, वक्ते सुरुवात करतात ती अभिमन्यूपासून. अभिमन्यू एकटा चक्रव्यूहात शिरला, महारथींनी त्याला घेरले, हीच पहिली चढाई आणि म्हणून हा खेळ महाभारतकालीन. गोष्ट ऐकायला छान आहे. मलाही लहानपणी आवडायची. मात्र द्रोणपर्वात आहे ते युद्ध; तिथे खेळ नाही. शिवाय चढाईचा सगळा जीव दम राखून परत येण्यात आहे, आणि अभिमन्यूची शोकांतिका नेमकी परत न येण्यात आहे. साम्य दिसते म्हणून जन्म सिद्ध होत नाही.

अशी गोष्ट फक्त आपणच रचली असे मात्र नाही. साता समुद्रापलीकडे अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हुबेहूब हेच घडले. तिथल्या संशोधकांनी ती गाठ कशी सोडवली ते पाहिले, तर आपल्या गाठीचे टोक हाती लागते. म्हणून थोडी वाट वाकडी करतो.

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. तो मूळचा इंग्लंडातल्या राउंडर्ससारख्या पोरखेळांतून आला, असे हेन्री चॅडविक हा जुना क्रीडापत्रकार लिहीत असे. चॅडविक जन्माने इंग्रज होता. आल्बर्ट स्पाल्डिंगला ते खपेना. स्पाल्डिंग एकेकाळचा नामांकित गोलंदाज, पुढे क्रीडासाहित्याचा बडा कारखानदार. आपला राष्ट्रीय खेळ परक्यांच्या पोटचा कसा असेल? त्याच्या पुढाकाराने १९०५ मध्ये एक आयोग नेमला गेला. अध्यक्ष अब्राहम मिल्स. आयोगाने लोकांकडून आठवणी मागवल्या, तेव्हा अॅबनर ग्रेव्ह्ज नावाच्या खाण-अभियंत्याचे पत्र आले: १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी अॅबनर डबलडे याने आमच्यासमोर हा खेळ शोधून काढला. डबलडे म्हणजे पुढे यादवी युद्धात नाव काढलेला सेनानी. वीरपुरुष मिळाला, गाव मिळाले, साल मिळाले. १९०७च्या अखेरीस आयोगाने तसा निर्णय दिला आणि शाळेच्या पुस्तकांपर्यंत तो पोचला.

आता बारकावे पाहा. १८३९ मध्ये साक्षीदार ग्रेव्ह्ज पाच वर्षांचा होता. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत विद्यार्थी होता. १८९३ मध्ये तो वारला; मागे भरपूर लिखाण ठेवले, पण त्यात बेसबॉल शोधल्याचा शब्द नाही. आणि सर्वांत मौजेची बाब म्हणजे आयोगाचे अध्यक्ष मिल्स हे डबलडेचे जुने स्नेही. इतक्या वर्षांत मित्राने ही गोष्ट त्यांना एकदाही सांगितली नव्हती! तरी गोष्ट टिकली, कारण ती हवी होती. १९३४ मध्ये कूपर्सटाउनजवळच्या एका घरात जुन्या पेटीत एक फाटका चेंडू सापडला. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीतल्या भागीदाराचा नातू स्टीफन क्लार्क याने तो पाच डॉलरला घेतला, आणि तो 'डबलडे चेंडू' ठरला. १९३९ मध्ये, त्या काल्पनिक शताब्दीला, गावात बेसबॉलचे भव्य संग्रहालय उघडले. ते आजही आहे, आणि पाहण्यासारखे आहे म्हणतात.

ही गोष्ट मोडली ती प्रामुख्याने एका ग्रंथपालाने. रॉबर्ट हेंडरसन न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करी. त्याने जुनी पुस्तके काढून दाखवली आणि १९४७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १७४४ मध्ये लंडनच्या जॉन न्यूबेरीने छापलेल्या मुलांच्या छोट्या पुस्तकात 'बेस-बॉल' हे नाव चित्रासह आहे. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अॅबी' या कादंबरीची नायिका लहानपणी बेसबॉल खेळते. ती कादंबरी लिहिली गेली तेव्हा डबलडेचा जन्मही झाला नव्हता. नंतरच्या संशोधकांनी आणखी भर घातली. योहान गुट्समुथ्स या जर्मन व्यायामशिक्षकाने १७९६ च्या आपल्या पुस्तकात 'इंग्लिश बेसबॉल' कसा खेळतात हे नियमांसह दिले आहे. आणि अमेरिकेतला सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख? मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावाचा १७९१ चा ठराव. नव्या प्रार्थनागृहाच्या खिडक्या सांभाळण्यासाठी त्याच्या ८० यार्डांच्या आत बेसबॉल, क्रिकेट वगैरे चेंडूचे खेळ खेळण्यास मनाई. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर हाच ठराव ऑइलपेंटने रंगवलेला आहे, फक्त बेसबॉल हा शब्द तेवढा नाही.

मग बेसबॉलचा जन्म कधी मानायचा? नाव १७४४ पासून आहे, पण गावोगावचा खेळ वेगळा होता. आजच्या खेळाचा वंश सरळ मागे नेता येतो तो २३ सप्टेंबर १८४५ पर्यंत. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने आपले वीस नियम कागदावर उतरवले. ही माणसे सेनानी नव्हती. बँकेतले कारकून, व्यापारी, डॉक्टर अशी नोकरीधंद्याची माणसे होती. त्यांचा एक नियम फार मोलाचा: धावणाऱ्या गड्याला चेंडू फेकून मारायचा नाही. तोवर आपल्या आबाधोबीसारखा चेंडू अंगावर हाणून बाद करायची चाल होती. ती गेली म्हणून चेंडू कठीण करता आला, कठीण झाला म्हणून लांब जाऊ लागला, आणि पोरांचा खेळ थोरांचा झाला. १९ जून १८४६ रोजी नदीपलीकडे होबोकनला ते दुसऱ्या संघाशी खेळले आणि स्वतःच्याच नियमांनी २३-१ असे सपाटून हरले. १८५७ च्या परिषदेत नऊ गडी, नऊ डाव आणि तळांमधले ९० फूट अंतर ही गणिते बसली. एका टप्प्यावर झेललेला चेंडू बाद धरण्याचा नियम मात्र १८६४ पर्यंत होता. गल्ली क्रिकेटमधला 'एक टप्पा आउट' हा आपला देशी शोध आहे, हा माझा समज हे वाचून गळून पडला.

त्याच काळी बॉस्टनकडे दुसरा बेसबॉल जोरात होता. १८५८ मध्ये त्यांनीही नियम छापले. त्यात चेंडू अंगावर मारायची मुभा होती आणि शंभर धावा होईपर्यंत सामना संपत नसे. तो हरला, न्यूयॉर्कचा जिंकला. म्हणजे त्यांचीही एक गामिनी होती.

आता पुन्हा आपल्या मातीत येऊ. आपल्याकडे जुन्या खेळांची नावे मुबलक सापडतात. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी असे खेळ रूपक म्हणून आले आहेत. त्या काळी पोरे काय खेळत ते यावरून कळते, पण कसे खेळत, कितीजण खेळत, मेलेला उठत होता का, हे कळत नाही. न्यूबेरीच्या पुस्तकासारखीच ही अवस्था: नाव आहे, खेळ हाती लागत नाही. हुतुतूचे नातेवाईक तर देशभर पसरलेले. बंगालात हाडुडू, तामिळ मुलखात चेडुगुडु, पंजाबात गोल मैदानावरची कबड्डी. अशा खेळाला एक बाप आणि एक गाव शोधणे म्हणजे गोदावरीचे सगळे पाणी त्र्यंबकेश्वरच्या कुंडात मोजण्यासारखे आहे.

पण नियमांचा जन्म शोधता येतो, आणि तो महाराष्ट्रात झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत आपल्याकडे व्यायामाची मोठी लाट होती. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला. १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा काढली. तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर गाजत होते. साहेबाच्या क्रिकेट-टेनिसला नियमांचे पुस्तक, पंच, चषक. आपल्या खेळाला काय? हा प्रश्न त्या पिढीला बोचत होता. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. हुतुतूच्या नियमांची जुळवाजुळव १९१८ पासून सुरू झाली, त्यात साताऱ्याचे नाव पुढे आहे. संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालण्याची खटपट झाली, दुरुस्त्या झाल्या आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली ती या छापील नियमांनी.

१९२३ चे बडोदे हे हुतुतूचे १८५७ आहे, असे मी मानतो. कारण एकच. एका गल्लीत खेळणाऱ्या पोरांना लेखी नियम लागत नाहीत. नियम सगळ्यांच्या अंगात असतो. लेखी नियम लागतो तो अनोळखी माणसाशी खेळताना. साताऱ्याचा संघ आगगाडीने बडोद्याला जाणार, तिथे मुंबईकर आणि पुणेकर येणार, तेव्हा मेलेला उठतो की नाही हे गाडीत बसण्यापूर्वी ठरलेले हवे. तिथे 'ज्याचं मैदान त्याचा नियम' चालत नाही. न्यूयॉर्कच्या क्लबांचेही तेच झाले होते.

नियम लिहिताना काय काय ठरवावे लागले असेल याचा जरा विचार करा. दम म्हणजे नेमके काय? चढाई करणारा पुटपुटत असेल तर तो दम धरायचा का? त्यासाठी उच्चार स्पष्ट आणि पंचाला ऐकू येईल असा हवा, हे कलम आले. नुसता मधल्या रेघेवर नाचून कोणी परतू नये म्हणून निदान रेषा आली: निदान एवढे तरी आत जा, असा त्या नावाचा अर्थ मी लावतो. अंगाला अंग भिडले, झटापट झाली, तर बाजूचे राखीव क्षेत्र खेळात धरायचे. एरवी तिथे पाय पडला तर बाद. ही सगळी कलमे कुणीतरी भांडणे पाहून, पंच म्हणून शिव्या खाऊन लिहिलेली आहेत. त्यांत पुराणातला एकही नायक नाही. आणि एक शब्द तर असा टिकला की नवल वाटते. 'लोण' हा शब्द आट्यापाट्यांत आहे, हुतुतूतही आहे. लोण म्हणजे मीठ. आज कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय इंग्रजी नियमांतही सगळा संघ बाद झाला की 'लोना' होतो आणि दोन जादा गुण मिळतात. तेहरानचा पंचही आपला जुना मराठी शब्द उच्चारतो.

एक गोष्ट कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नाही, पण मला महत्त्वाची वाटते. हा खेळ शिवण्याचा आहे. ज्या समाजात कोणी कोणाला शिवायचे याचे नियम घराघरांत कडक होते, तिथे परक्या वस्तीतल्या मुलाला मिठी मारून मातीत पाडायचा खेळ सार्वजनिक मैदानावर आणणे ही साधी गोष्ट नव्हती. अमेरिकेत नियम लिहिणाऱ्यांनी या बाबतीत दार लावून घेतले. १८६७ मध्ये बेसबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना प्रवेश नाकारला, आणि मोठ्या साखळीत जॅकी रॉबिन्सन उतरायला १९४७ साल उजाडले. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पळवणकर बाळूंच्या वाट्याला काय आले ते आता बऱ्यापैकी लिहिले गेले आहे. हुतुतूच्या मैदानांबद्दल तसे कोणी लिहिलेले नाही, आणि लिहिले पाहिजे.

पुढचा प्रवास वाचकांना थोडाफार ठाऊक असतो. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. या वाटेवर कुठेतरी 'हुतुतू' मागे पडले आणि 'कबड्डी' हे देशभर चालणारे नाव आले. नऊ गड्यांचे सात झाले. आमच्या वडिलांच्या पिढीतली गिरणगावची माणसे सामना पाहून आली की कबड्डी म्हणत, पण अंगणात नातवाला दम शिकवताना तोंडातून हुतुतूच निघे. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत खेळ पदकाचा झाला. तेव्हापासून पुरुषांचे सुवर्ण आपलेच, ते २०१८ मध्ये जकार्तात इराणने उपांत्य फेरीत आपल्याला २७-१८ असे हरवेपर्यंत. त्या रात्री माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी 'आपला महाभारतातला खेळ' म्हणून फार हळहळ केली. मला वाटले, खेळ लिहून दिला की तो लिहून देणाऱ्याचा राहत नाही. निकरबॉकरवालेही पहिल्याच सामन्यात हरले होते.

महाराष्ट्रात १५ जुलैला कबड्डी दिन पाळतात. तो शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस. बुवांनी आयुष्य संघटनेत घातले: नियम, पंच, स्पर्धा, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणे. खेळाचा दिवस अशा कार्यकर्त्याच्या नावाने असावा हे मला फार योग्य वाटते. भाषणे मात्र त्या दिवशीही चक्रव्यूहापासूनच सुरू होतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. डबलडेची गोष्ट मोडता आली, कारण कागद होते. निकरबॉकर क्लबच्या सामन्यांच्या वह्या न्यूयॉर्कच्या त्याच सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. त्या तिथे आल्या स्पाल्डिंगच्या संग्रहातून! दंतकथेचा पाठीराखा असलेल्या या माणसाने कागद मात्र प्रामाणिकपणे जपले, आणि त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने ते ग्रंथालयाला दिले. २०१६ मध्ये डॉक अॅडम्स या निकरबॉकर डॉक्टरच्या १८५७ च्या हस्तलिखित नियमांचा लिलाव झाला तेव्हा त्याला बत्तीस लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

आपल्याकडे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, हा मोठाच आधार. पण त्याच्या खाली, गावोगावच्या मंडळांच्या पातळीवर, काय उरले आहे? प्रत्येक मंडळाची इतिवृत्ताची वही असे, जमाखर्चाची वही असे, सामन्यांच्या गुणपत्रिका असत. कोणत्या साली कोणता नियम कुठे पोचला, गामिनी कुठे शेवटची खेळली गेली, कोणत्या आळीतली मुले संघात होती आणि कोणती नव्हती, हे सांगू शकणारा दुसरा पुरावा नाही.

चार वर्षांपूर्वी कळले की आमच्या भागातल्या एका जुन्या मंडळाची खोली पुनर्विकासात पडणार. मी रविवारी पोचलो, तर कपाट शुक्रवारीच रिकामे झाले होते. ढाली आणि चषक कोणीतरी जपून घरी नेले होते. वह्या रद्दीत गेल्या होत्या. रद्दीवाल्याकडे गेलो. गठ्ठे भिवंडीच्या टेम्पोत चढलेले. त्याने मागच्या फळीवरून एक वही काढून दिली, बांधणी सुटल्यामुळे गठ्ठ्यात न बसलेली. पैसे घेतले नाहीत.

वही १९६० च्या दशकातली आहे. बहुतेक पाने खर्चाची: चुना, लिंबे, शिट्टी, पाहुण्या संघाचा चहा, एका गड्याच्या गुडघ्याला टिंक्चर. मधल्या दोन पानांवर शाईने स्पर्धेचे नियम उतरवले आहेत, अकरा कलमे, अक्षर वळणदार. चौथ्या कलमात लिहिले आहे की प्रतिपक्षाचा गडी बाद झाल्यावर आपला गडी ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने उठेल. त्या ओळीवर नंतर कोणीतरी पेन्सिलीने काट मारली आहे, आणि त्याच पेन्सिलीने समासात पुन्हा 'कायम' असे लिहिले आहे.